गिरणीतली आपली माणसं : जॉबर, धोटा आणि हक्काची भाकर

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मावर आणि बाबासाहेबांच्या चळवळीवर लेख येतात. ते यायलाच पाहिजेत. पण ज्या माणसांच्या चार-आठ आण्यांच्या वर्गणीतून विहारं, वाचनालयं आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या, ती माणसं रोज पहाटे डबा घेऊन कुठे जात होती, तिथे त्यांना कोण कसं वागवत होतं, याचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून या वेळी आम्ही मुंबईच्या कापड गिरण्यांचा विषय घेतला आहे. गिरणी म्हणजे नुसती यंत्रं आणि चिमणी नव्हे. गिरणी ही एक कंपनी होती. तिला मालक होता, मॅनेजिंग एजंट होता, मॅनेजर होता, खात्याचा मास्तर होता, जॉबर होता, आणि सर्वांत खाली आपली माणसं होती. या कंपनीने आपल्या माणसांना कसं वागवलं, आणि शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराने कसं वागवलं, या दोन्ही गोष्टी आम्हाला सांगायच्या आहेत. दुसरी गोष्ट सांगताना जड जातं. पण अर्धा इतिहास सांगून चालत नाही.

गिरणीत आपली माणसं कशी आली

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचं उत्पादन सुरू झालं. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, नायगाव, शिवडी या भागांत चिमण्याच चिमण्या दिसू लागल्या. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसं येत राहिली. गावात जमीन नाही, खोताचा जाच, दुष्काळ, कर्ज, अशी कारणं सर्वांनाच होती. आपल्या माणसांना आणखी दोन कारणं होती. एक म्हणजे गावकीची कामं, वेठबिगार आणि उष्ट्यामाष्ट्या भाकरीवरचं जिणं. दुसरं म्हणजे १८९२ च्या सुमारास महारांची लष्करातली भरती सरकारने बंद केली. ज्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत शिपाई जात होते, त्यांची ती वाट बुजली. मग गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी आणि गिरण्या एवढ्याच वाटा राहिल्या.

सुरुवातीला गिरण्यांत अस्पृश्य कामगार अगदी थोडे होते. १८९६ च्या प्लेगने मुंबई ओस पडली, माणसं गावाकडे पळाली, तेव्हा मिळेल तो हात गिरणीला हवा झाला. १९२१ च्या शिरगणतीपर्यंत दर शंभर गिरणी कामगारांत सुमारे बारा कामगार अस्पृश्य समाजातले होते. म्हणजे हजारो कुटुंबांची चूल गिरणीच्या भोंग्यावर पेटत होती. पुढे सरकारने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बी.डी.डी.च्या २०७ चाळी बांधल्या. त्या चाळींतल्या दहा बाय सोळाच्या खोल्यांतून आपली किती बिऱ्हाडं राहिली, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. एका खोलीत घरचे आणि वर गावाकडून आलेले पाव्हणे, अशी दहा-दहा, बारा-बारा माणसं पाळीपाळीने झोपत होती. स्वतः बाबासाहेबसुद्धा अनेक वर्षं परळच्या पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. कामगारांचं जिणं त्यांनी आधी जिन्यावर आणि नळावर पाहिलं होतं. पुस्तकातलं वाचन त्याच्या नंतरचं.

मालक दूर, जॉबर जवळ

गिरणीचा मालक कामगाराला क्वचितच दिसायचा. त्याच्या दृष्टीने मालक, मॅनेजर, सरकार सगळं एकच होतं, आणि ते म्हणजे जॉबर. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. माणूस कामावर घ्यायचा जॉबरने, काढायचा जॉबरने, कुठल्या साच्यावर उभं करायचं ते ठरवायचं जॉबरने, रजा द्यायची ती त्याच्याच शब्दाने. कंपनीला हे फार सोयीचं होतं. हजारो माणसांची भरती, शिस्त आणि हजेरी यांची कटकट एका माणसाच्या गळ्यात घातली की वरच्यांचे हात मोकळे.

पण या सोयीची किंमत कामगार देत होता. नोकरी लागताना दस्तुरी द्यायची, ती टिकवायला सणावाराला काहीतरी द्यायचं. कायम नसलेला 'बदली' कामगार रोज पहाटे गेटवर उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर त्या दिवसाचं काम मिळायचं, नाहीतर डबा तसाच घरी न्यायचा. बदलीला कुणाला घ्यायचं हेही जॉबरच्या मर्जीवर. १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्डं देऊन भरती नियमात आणण्याची योजना काढली. यावरूनच कळतं की त्याआधी कारभार किती मोकाट होता.

जॉबर भरती करायचा ती आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीतली. त्यामुळे एकेका खात्यात एकेका जातीचा जथा तयार झाला. ज्या समाजात जॉबर झालेली माणसं कमी, त्या समाजाला चांगल्या खात्याचं दार बंद. आपल्या समाजातही पुढे काही जॉबर झाले, पण ते खालच्या खात्यांत.

पगाराची तऱ्हा निराळीच. महिन्याचा पगार महिना संपल्यावर लगेच हातात पडत नसे. तो पुढच्या महिन्यात बरेच दिवस अडकून राहायचा. तोपर्यंत खायचं काय? वाणी उधार देणार, पठाण व्याजाने देणार. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकार काठी घेऊन उभा, हे चित्र जुन्या माणसांनी अनेकदा सांगितलं आहे. शिवाय दंड वेगळा. उशीर झाला दंड, सूत तुटलं दंड. विणलेल्या कापडात खोट निघाली तर ते कापड कामगाराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याचीही रीत होती. घरात पोरांच्या अंगावर सदरा नाही, आणि बाप डाग पडलेलं कापड काखेत मारून विकायला फिरतोय, असा तो न्याय होता.

चौदा-चौदा तास

कामाचे तास काय होते? सुरुवातीला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, एवढीच त्याची दया. मोठ्या माणसाच्या तासांना मर्यादाच नव्हती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. ज्या दिव्याने उजेड व्हावा त्याने अंधार वाढवला. सूर्य मावळला तरी भोंगा होईना. काही गिरण्यांत तेरा-चौदा तास आणि त्याहूनही जास्त काम चालू लागलं. पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने पडली.

या अंधारात पहिली ठिणगी टाकली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. म. फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या बघा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर अपघात झाला तर भरपाई. आज साध्या वाटणाऱ्या या गोष्टी तेव्हा बंड मानल्या गेल्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. शेवटी १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी सकाळी आपण सहकुटुंब विहारात वंदनेला बसतो. तो रविवार कुणी देणगी म्हणून दिलेला नाही, याची आठवण मुलांना करून दिली पाहिजे.

धोट्यातली अस्पृश्यता

आता आपल्या खास दुःखाकडे येऊ. गिरणीत मुख्य खाती दोन, कताई आणि विणाई. कापसाची गाठ फोडण्यापासून सूत काढण्यापर्यंतचं काम कताईकडे. तिथे कापसाचे तंतू हवेत सतत उडत असतात. ते नाकातोंडात जायचे, वर्षानुवर्षं छातीत बसायचे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, मग खोकला, मग दमा, आणि पन्नाशीच्या आत माणूस खाटेला. डॉक्टरी भाषेत या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. विणाई खात्यात मागांचा आवाज कान फोडणारा, पण पगार कितीतरी चांगला, काही वेळा कताईच्या दुपटीच्या आसपास. आपली माणसं होती कताईत आणि बायका रीळ आणि वाइंडिंग खात्यात. विणाईत मात्र आपल्या माणसाला पाय ठेवू देत नसत.

का? तर धोटा. मागावर आडव्या सुताची कांडी धोट्यात बसवतात. कांडी संपली की नवी घालायची, आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हे टोक लवकर बाहेर यावं म्हणून विणकर भोकाला तोंड लावून ते ओढून घ्यायचा. एक धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा. स्पृश्य कामगारांचं म्हणणं असं, की अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. झालं. एवढ्या एका भोकातून हजारो माणसांचा जास्तीचा पगार गळून गेला.

इथे थोडं थांबून विचार केला पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेतही धोटा असाच तोंडाने ओढत. तिथे त्यावर आक्षेप आला तो आरोग्याच्या कारणाने, कारण एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन क्षयासारखे रोग पसरण्याची भीती होती. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. हाताने दोरा ओवता येणारा धोटा निघालेला होता. म्हणजे मुंबईच्या कंपन्यांना मनापासून वाटलं असतं तर धोटा बदलता आला असता, काही माग आपल्या माणसांसाठी उघडता आले असते. पण त्यांना त्याची गरज वाटली नाही. कामगारांत फूट असली तर बिघडलं कुणाचं? मालकाचं तर नाहीच.

पाण्याचंही तसंच. अनेक गिरण्यांत आपल्या माणसांसाठी पाण्याचं भांडं वेगळं असायचं. सूत आपल्या हाताने निघायचं, त्याच सुताचं कापड सगळा देश अंगावर घालायचा, देवळातल्या मूर्तीलाही तेच कापड. सुताला विटाळ नाही, घामाला विटाळ नाही, फक्त पाण्याला आणि पगाराला विटाळ!

रेल्वेतही वेगळं नव्हतं. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं. आपला माणूस रुळावरचा गँगमन म्हणून जन्मभर राबतो, पण साधा हमाल म्हणूनही त्याला स्टेशनात घेत नाहीत. कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामं करून घेतो, आणि अस्पृश्याला घरात कसा घेणार? ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचं प्रसिद्ध म्हणणं याच परिषदेतलं. ब्राह्मणशाही म्हणजे अमुक एक जात नव्हे, तर समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला होता. हा खुलासा विसरून पहिलं वाक्य तेवढं सांगणं बरोबर नाही.

१९२८ चा संप आणि एक अवघड मागणी

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. ई. डी. ससून कंपनीच्या गिरण्यांपासून कुरबूर सुरू झाली होती. कारण एकच, कमी माणसांत जास्त काम. कताईवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, विणकराने दोनाऐवजी तीन माग. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. संप समितीने सतरा मागण्या पुढे ठेवल्या.

त्या वेळी बाबासाहेबांनी एक सरळ प्रश्न विचारला. तुम्ही मालकाकडे न्याय मागता, मग विणाई खात्यात आमच्या माणसाला काम करू देण्याची मागणी त्यात का नाही? हा प्रश्न पुढाऱ्यांना आवडला नाही. पण शेवटी नाखुशीने का होईना, त्यांना ती मागणी मान्य करावी लागली. मालकांनी काय केलं? हा अन्याय असेलच तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असं म्हणून हात वर केले. एका अर्थी ते खोटं नव्हतं. पण भरतीचा जॉबर कंपनीचा, माग कंपनीचा, धोटाही कंपनीचा. मग जबाबदारी कुणाची?

१९२९ साली पुन्हा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि आपल्या माणसांना कामावर जायला सांगितलं. यावरून त्यांच्यावर आजही टीका होते. पण आदल्या वर्षी सहा महिने चूल बंद होती. पठाणाचं व्याज डोक्यावर होतं. ज्याच्याकडे गावी जमिनीचा तुकडा आहे तो गावी जाऊन तग धरतो. आपल्या माणसाला गावी परत जायचं म्हणजे पुन्हा वेठबिगारीत जायचं. संपाची झळ सर्वांना सारखी नव्हती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या निर्णयाचा न्याय करता येणार नाही.

आणि बाबासाहेब संपाच्याच विरुद्ध होते असं कुणी म्हणत असेल, तर त्याने १९३८ साल वाचावं. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचं बिल आणलं. काही परिस्थितीत संप हाच गुन्हा ठरवणारं ते बिल होतं. बाबासाहेबांनी कायदेमंडळात सांगितलं की संप म्हणजे फार तर कराराचा भंग, तो गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे गुलामगिरी, आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे कामगार त्या दिवशी एकत्र होते. कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, गोळीबारही झाला. बिल मंजूर झालंच, पण त्या दिवशी निळं आणि लाल शेजारी शेजारी उभं राहिलं होतं, हे विसरता येत नाही.

भगवंतांची पाच मापं

कंपनी चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचं? पगार किती यावरून? इमारत केवढी यावरून? आपल्याकडे याचं फार जुनं माप आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाची कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात मालकाने सेवकाशी कसं वागावं याच्या पाच गोष्टी आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावं, आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. सेवकाचीही पाच कर्तव्यं आहेत. मालकाच्या आधी उठावं आणि नंतर झोपावं, दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं, मालकाची कीर्ती राखावी. म्हणजे हा व्यवहार दोन्ही बाजूंचा आहे. आपल्या माणसांनी आपली पाच पाळली. कंपनीने तिची पाच पाळली का, ते एकेक तपासून बघू.

शक्तीप्रमाणे काम : १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने चोपन्न. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या दुरुस्तीने १ ऑगस्ट १९४६ पासून आठवड्याचे तास अठ्ठेचाळीस झाले.

वेतन : १९३६ चा पगार वाटपाचा कायदा आला. मोठ्या कारखान्यात पगार दहा दिवसांत, लहानात सात दिवसांत दिलाच पाहिजे, आणि दंड रुपयाला अर्ध्या आण्याहून जास्त नाही, असं ठरलं. तोपर्यंत वेतन होतं, पण ते आधी सावकाराच्या हातात पडत होतं.

आजारपण : १९२३ च्या कायद्याने अपघाताची भरपाई आली. बाळंतपणाच्या रजेसाठी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाबासाहेब बोलले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. कामगार राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ चा. मुंबईत ती योजना १९५४ साली सुरू झाली. परळच्या गांधी हॉस्पिटलात ज्यांची बाळंतपणं आणि ऑपरेशनं झाली, त्यांच्या घरी ते विम्याचं कार्ड आजही सापडेल.

गोडधोड वाटून खाणं : हा बोनस. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अमाप नफा मिळवला, तेव्हा काही वर्षं बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारला म्हणून १९२४ साली जानेवारीपासून मोठा संप झाला. चौकशी समितीने सांगितलं की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. तो हक्क कायद्यात आला तो १९६५ साली. गोड घास मालकाच्या ताटातून कामगाराच्या ताटात यायला चाळीस वर्षं लागली.

सुट्टी : रविवारची गोष्ट वर आली आहेच. पगारी रजेचा कायदा १९४५ साली झाला, बाबासाहेब मजूर खात्यात असताना.

पाचही मापं पाहिली. एकही गोष्ट कंपनीने आपण होऊन दिलेली नाही. संपाने मिळाली, कायद्याने मिळाली. आणि विणाई खात्याचं दार? तेही हळूहळू किलकिलं झालं, पण त्यासाठी संविधानातलं सतरावं कलम आणि १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा यावा लागला, आणि आपली पोरं शिकावी लागली.

भोंगा बंद झाला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार आणि बोनसबरोबर एक मूळ दुखणं होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने धंद्यातल्या एकाच युनियनला बोलणी करण्याचा हक्क दिला होता. त्यामुळे बहुतेक कामगार ज्याच्या मागे उभे होते त्याच्याशी मालक बोलायलाच तयार नव्हते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, पण हजारो माणसं पुन्हा कामावर गेलीच नाहीत. कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झाला, बायांनी धुणीभांडी केली. ज्यांना आधीच सावकाराचं ओझं होतं त्यांचे दागिने गेले, पोरांच्या शाळा सुटल्या.

पुढे जमिनीचा भाव कापडाहून जास्त झाला. १९९१ च्या नियमांत गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराला आणि एक हिस्सा घरबांधणीला मिळणार होता. २००१ साली नियम बदलला आणि हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता राहिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. जिथे साचे होते तिथे टोलेजंग इमारती आणि मॉल आले. गिरणी कामगारांना घरं मिळावीत म्हणून मोर्चे निघाले, तेव्हा कुठे २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज करणारे त्याच्या कितीतरी पट होते.

एका गिरणीची गोष्ट मात्र निराळी आहे. दादरच्या चैत्यभूमीजवळची इंदू मिल. तिची साडेबारा एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून आपल्या लोकांनी आंदोलनं केली, आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारक पाहायला जाल तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा, की ही जमीन नुसती मोक्याची जागा नव्हती, इथे माणसांनी घाम गाळला होता.

आता काय करायचं

गिरणी गेली, पण जॉबर गेला नाही. त्याचं नाव बदलून कंत्राटदार झालं आहे. सफाईचं काम, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, कुरिअर, गोडाऊन, जिथे पाहावं तिथे आपली मुलं कंत्राटावर आहेत. कंपनी मोठी, पण माणूस कंपनीचा नाही. कामावर घेणारा एक, पगार देणारा दुसरा, आणि काम करून घेणारा तिसरा. विचारायला गेलं तर तिघेही हात वर करतात. १९२८ साली मालकांनी हेच केलं होतं. गटारात उतरणारा माणूस कुठल्या समाजातला आहे हे पाहिलं, की धोट्यातली अस्पृश्यता नुसती जागा बदलून बसली आहे, हेही कळतं.

म्हणून वस्तीतल्या सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे. नोकरीला लागलेल्या प्रत्येक मुला-मुलीने नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर आणि विम्याचं कार्ड मागून घ्यावं आणि जपून ठेवावं. तोंडी बोलण्यावर विसंबून आपल्या आजोबांचं फार नुकसान झालं. युनियन असेल तर तिचं सभासद व्हावं, आणि युनियनमध्येही बाबासाहेबांचा तो १९२८ चा सरळ प्रश्न विचारायला कचरू नये. शेवटची विनंती, ज्यांच्या घरी गिरणीचं ओळखपत्र, बदली कार्ड, पगाराची पाकिटं, जुने फोटो असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जी वडीलधारी माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांचं खातं कोणतं होतं, जॉबर कोण होता, पाणी कुठलं प्यायचे, हे लिहून काढावं. विहाराच्या वाचनालयात त्यासाठी एक कपाट ठेवता येईल. आपला इतिहास दुसरा कुणी लिहून देणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.